चारही व्हॉल्व्ह खाली

१

घड्याळजी गेले ते शनिवारी सकाळी, सहाच्या सुमाराला. तळ्याकडच्या वळणावर फुटपाथला लागून पडलेले सापडले. डोक्याला मागून मार होता. अख्ख्या गावाची घड्याळं दुरुस्त करून पाठीत वाकलेला साठीचा माणूस, रोज उजाडताना फिरायला जायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फुटपाथच्या कडेच्या दगडावर चंदेरी रंगाचा ताजा ओरखडा होता. वळणाच्या पुढे असलेल्या पाव भट्टीवाल्याने एक पांढरी गाडी भरधाव जाताना पाहिली होती. दिव्यांखाली तिची चाकं लखलखत होती म्हणे. नंबरातले शेवटचे दोन आकडे त्याने लक्षात ठेवले होते.

ते दोन आकडे असलेली पांढरी गाडी आमच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

आमचं दुकान गाड्या धुण्या-चमकवण्याचं. मी तिथे फक्त चाकं करतो. पस्तीस वर्षं झाली. लोक मला चाकमास्तर म्हणतात, आणि मला ते आवडत नाही असं मी दाखवतो. अलॉयचं चाक म्हणजे पाण्याचा फवारा मारला की झालं, असं ज्याला वाटतं त्याच्याशी मी बोलत नाही. ब्रेकची काळी पूड रिमवर भाजून बसते. ती तेजाबाने झटक्यात निघते, पण तेजाब रिमची कातडीही सोलून नेतं. तरुणपणी मीही तेजाबच वापरलं. त्याचा धूर माझ्या छातीत मुक्कामाला आला तो गेलाच नाही. आता आमच्याकडे रिम गार होऊ देतात, साधं औषध फवारतात, पूड जांभळी होऊन ओघळली की मऊ ब्रशाने रिमच्या एकेका दांडीची मागची बाजूसुद्धा घासतात. मग पुसून कोरडं करायचं, वर चमक टिकवणाऱ्या कोटिंगचा हात द्यायचा, आणि एक दिवस चाकाला पाणी लागू द्यायचं नाही. त्या पांढऱ्या गाडीचं कोटिंग मी शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपवलं होतं.

शनिवारी दुपारी चौकीवरून तपासाला एक पोलीस बाई आल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, चष्मा कपाळावर, आवाज इतका खाली की आपणच पुढे वाकावं. गाडीचा मालक परगावी होता. दुसरी किल्ली त्याच्या ड्रायव्हरकडे असायची, आणि ड्रायव्हर वळणामागेच राहायचा. त्याला सकाळीच चौकीवर नेलं होतं. दोन लहान मुलींचा बाप, मुंगीला वाट देऊन जाणारा माणूस. मला ते सहन होईना. मी बाईंना म्हणालो, "ही गाडी हललेलीच नाही. या, दाखवतो."

माझी एक खोड आहे. कोटिंग झालं की चाक जॅकवर असतानाच मी ते फिरवतो आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह बरोबर तळाशी आणतो. चारही चाकांचा. मग गाडी खाली घेतो. ग्राहक लांबून बघतो तेव्हा चारही चाकं एकसारखी उभी दिसतात. का छान वाटतंय हे त्याला कळत नाही, पण वाटतं. गाडीने एक वळण जरी घेतलं तरी आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, आणि व्हॉल्व्ह चार दिशांना तोंड करून बसतात. पुन्हा आपोआप जुळणं जवळजवळ अशक्य.

बाई चारही चाकांपाशी वाकून आल्या. चारही व्हॉल्व्ह खाली होते. ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत घरी जाईल, असं त्या म्हणाल्या, आणि मला माझाच अभिमान वाटला.

तेवढ्यात माझी मुलगी चहा घेऊन आली. तिला सगळे बारकी म्हणतात. ती माझ्याहून वीतभर उंच आहे आणि तिशी ओलांडलेली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. चहात साखर घालायला ती विसरली होती. मी बाईंना सांगितलं, पोरीला झोप नाही, पहाटे माझा दम उसळला होता, नवा पंप तोंडाला लावला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ती माझ्या उशाशीच होती. मला ते तसंच आठवत होतं.

रविवारी सकाळी बाई पुन्हा दारात उभ्या होत्या. ड्रायव्हर घरी गेला नव्हता.

२

घड्याळजींच्या बायकोला तोंड दाखवायचंय, म्हणून नीट खात्री करतेय, असं त्या म्हणाल्या. मग एकेकाला समोर बसवून बोलत राहिल्या.

आधी आमचे मालक. त्यांना एक वाईट सवय आहे. ग्राहकाची भारी गाडी आली की तिला जरा चक्कर मारून आणायची. तीनदा मी स्वतः पाहिलं आहे, आणि मी ते बाईंना सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली. मालकांचा चेहरा पडला. पण शुक्रवारी रात्रीपासून ते सासुरवाडीला होते. अकरा माणसांनी त्यांना तिथे पाहिलं होतं, त्यात त्यांची सासू. ही सासू या जावयासाठी खोटं बोलेल असं मालकांनाही वाटत नव्हतं. बाईंनी त्यांना जाऊ दिलं.

ड्रायव्हरची किल्ली त्याच्या खिशातच सापडली होती. पहाटे तो झोपला होता, असं त्याची बायको सांगत होती. बायकोच्या सांगण्याला चौकीत किती किंमत असते ते वेगळं सांगायला नको. शेडच्या फाटकाला नुसती कडी आहे. कुणीही यावं, गाडी काढावी, आणून लावावी. पहिली किल्ली दुकानातल्या खुंटीला लटकते, आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मी आणि बारकी राहतो. मला गाडी चालवता येत नाही. पस्तीस वर्षं चाकांत घालवून स्टिअरिंगला हात लावला नाही, याची दुकानात रोज टिंगल होते. बारकीला येते.

बाईंनी बारकीला फारसं काही विचारलं नाही. ती पहाटे कुठे होती, एवढंच. "बाबांपाशी," ती म्हणाली, आणि पुन्हा ब्रश धुवायला लागली.

मग बाई उठून अंगणात आल्या. तिथे शनिवारी संध्याकाळी धुतलेली एक निळी गाडी उभी होती. दांड्यांच्या फटीतून आत बघत त्यांनी मला हाक मारली. आतल्या लोखंडी तबकडीवर तांबूस थर दिसत होता. गाडी खराब झाली का, त्यांनी विचारलं.

मला असं कुणी विचारलं की मी खुलतो. ही ब्रेकची डिस्क, मी सांगितलं. उघडं लोखंड. धुताना पाणी लागतं आणि रात्रीत गंज धरतो. ग्राहक घाबरतात, पण घाबरायचं कारण नाही. गाडी रस्त्यावर काढून दोनचारदा ब्रेक दाबला की पुसला जातो, डिस्क पुन्हा आरशासारखी.

"आणि गाडी हललीच नाही तर?"

"तर तसाच राहतो. उलट वाढतो," मी म्हणालो.

बाई शेडकडे चालू लागल्या. मी मागून गेलो. पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी त्यांनी टॉर्च लावला. ती चाकं मी शुक्रवारी दोन तास पाण्याने धुतली होती. दांड्यांमागची डिस्क चकाकत होती. तांबूस ठिपका शोधूनही सापडला नसता.

३

म्हणजे गाडी रस्त्यावर गेली होती, परत आली होती, आणि नंतर कुणीतरी एकेक चाक जॅकवर घेऊन चारही व्हॉल्व्ह पुन्हा खाली आणून ठेवले होते. बाईंनी टॉर्च विझवला. मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "मास्तर, ही व्हॉल्व्हची खोड कुणाकुणाला माहीत आहे?"

मालकांना ती माहीत नाही, त्यांनी आयुष्यात जॅक हातात धरलेला नाही. ग्राहकांना तर नाहीच. ही गोष्ट मी एकाच माणसाला दाखवली होती, ती वीस वर्षांची असताना, तिच्या हातावर हात ठेवून. मी म्हणालो, ड्रायव्हर नेहमी माझ्या डोक्याशी उभा राहून बघत असतो, त्याने पाहिलं असेल.

हे खोटं होतं. ड्रायव्हर गाडी सोडून समोरच्या झाडाखाली पेपर वाचत बसतो. ज्याच्यासाठी मी काल एवढी वकिली केली, त्याला मी आज एका वाक्यात पुन्हा चौकीत ढकललं. शब्द तोंडातून सहज निघाले.

बाईंनी मान हलवली आणि दगडावरच्या ओरखड्याचा विषय काढला. चंदेरी रंग रिमचाच होता, ते त्यांनी तपासून घेतलं होतं. रिम दगडाला घासली असेल तर रिमवरही ओरखडा हवा. इथे चारही रिम्स काचेसारख्या गुळगुळीत. ओरखडा भरून काढता येतो का?

येतो. खरखरीत कागदाने घासायचं, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं, रंग, वर लॅकर, दिव्याच्या उबेत सुकवायचं, मग कोटिंग. चांगला हात असेल तर दोन-अडीच तास लागतात. मी पाठ केल्यासारखं सांगत गेलो. थांबायला हवं होतं, पण कामाबद्दल विचारलं की मला थांबता येत नाही.

"कळणार नाही असं काम करणारे हात या गावात किती?"

"एकाचे," मी म्हणालो. "माझे."

"तुम्ही तर दहापर्यंत अंथरुणावर होता. शेजारच्यांनी तुम्हाला पेज आणून दिली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि तुम्हाला गाडी येत नाही."

आमच्याकडे गाडी घेताना एक कार्ड भरतात. कुठे काय आधीच तुटलंय, घासलंय, ते लिहून ठेवायचं, म्हणजे ग्राहक नंतर आमच्या नावाने बोंब मारत नाही. कार्डं दारामागच्या तारेला ओवलेली असतात. बाईंनी पांढऱ्या गाडीचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. माझंच अक्षर, पेन्सिलीने लिहिलेलं. पुढचं डावं चाक, जुना ओरखडा.

आम्ही दोघं पुन्हा शेडमध्ये गेलो. पुढच्या डाव्या चाकावर बाईंनी बोट फिरवलं, मग मला फिरवायला लावलं. नवा ओरखडा नव्हता. जुनाही नव्हता.

४

जुना ओरखडाही भरून टाकायची चूक कुणी केली असती? चोराने केली नसती. चोराने नवा ओरखडा लपवला असता आणि जुन्याला हात लावला नसता, कारण तो लिहून ठेवलेला होता. ड्रायव्हरने रंगाचा फराटा मारला असता. समोर दोन ओरखडे असताना एकच भरून दुसरा तसाच ठेवणं ज्याच्या हातांना जमत नाही, असाच माणूस ही चूक करणार. ते हात मी घडवले होते.

बाई दुकानात येऊन बसल्या. बारकी मोरीपाशी पाठमोरी उभी होती, नळ बंद होता. बाई मला म्हणाल्या, सगळं तुमच्या एका शब्दावर आहे. डिस्कवरून गाडी हलली एवढंच ठरतं, आणि दुसरी किल्ली ड्रायव्हरकडे आहे. तो जुना ओरखडा फक्त या कार्डावर आहे. तो खरंच होता असं तुम्ही सांगितलंत तर ड्रायव्हर सुटतो. नव्हता म्हणालात तर माझ्याकडे काही उरत नाही, आणि तो आत जातो.

त्यांनी कागद पुढे ओढला. ड्रायव्हरच्या मुली मला आठवल्या, हेही सांगतो. त्या आठवत असतानाही मी बोललो.

"चूक झाली लिहिताना. दुसऱ्या गाडीचा ओरखडा या कार्डावर लिहिला. वय झालं आता. या चाकावर काही नव्हतं."

बाईंनी ते लिहून घेतलं.

"ओरखडा होता," बारकी म्हणाली. ती वळली नव्हती. "चौथ्या दांडीपाशी. बोटभर लांब, आणि शेवटाला जरा खोल. बाबांची चूक झालेली नाही. कार्ड लिहिताना त्यांची चूक कधीच होत नाही."

मी तिला गप्प बस म्हणालो. ती गप्प बसली नाही. ओढणीला हात पुसून माझ्यासमोर येऊन बसली आणि बाईंना सांगायला लागली, पण बघत होती माझ्याकडे.

साडेपाचला माझा पंप संपला होता. ओठ निळे पडले होते. भाड्याच्या गाडीवाल्यांपैकी कुणी फोन उचलला नाही. चोवीस तास उघडं असणारं औषधाचं दुकान तळ्याच्या पलीकडे आहे. खुंटीला किल्ली होती. पंप घेऊन येताना वळणावर घड्याळजी फुटपाथवरून खाली उतरले, तिने गाडी त्यांच्या अलीकडेच कडेला ओढली, चाक दगडावर घासत गेलं, आणि गाडी अंगावर येतेय असं वाटून ते मागच्या मागे पडले. गाडी त्यांना लागलीसुद्धा नव्हती.

"आरशात पाहिलं तर ते बसलेले होते, डोकं धरून," ती म्हणाली. "मला वाटलं, फार लागलेलं नाही. पंप देते आणि लगेच येते. बाबा, तुम्ही नीट श्वास घ्यायला लागलात तशी मी चालत परत गेले. तोपर्यंत त्यांच्यावर चादर घातली होती."

बाईंनी विचारलं, मग चाक का दुरुस्त केलंस?

"काय करू ते कळेना. तेवढी एकच गोष्ट मला दुरुस्त करता येत होती."

नव्या ओरखड्याशेजारी जुना दिसत होता, तसाच कसा सोडायचा, म्हणून तोही भरला. व्हॉल्व्ह खाली आणले ते मुद्दाम नाही, असं ती म्हणाली. चाक जॅकवरून उतरवताना तिचा हात आपोआप तसाच चालतो. चारही चाकं का घेतलीस, असं मी विचारलं, कारण मला तेवढंच विचारता आलं. एकाच चाकाची चमक वेगळी दिसली असती, म्हणून चारहींना पुन्हा हात दिला, असं ती म्हणाली. कालच बोलणार होती. पण मी बाईंना अभिमानाने व्हॉल्व्ह दाखवले, ड्रायव्हर संध्याकाळी सुटेल असं तिने ऐकलं, आणि तो सुटला की कुणाचंच काही जाणार नाही असं तिला वाटलं. माझ्याकडे बघायला दुसरं कुणी नाही, हेही ती म्हणाली.

बाईंनी कागदावरच्या माझ्या वाक्यावर आडवी रेघ मारली. ते वाक्य बोललं गेलंच नव्हतं असं त्या धरून चालणार होत्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

बाईंबरोबर निघताना बारकीने कपडे बदलले नाहीत. शेडचा दिवा विझवून आली, आणि सोमवारी येणाऱ्या गाडीच्या रिम्स पॉलिश केलेल्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, त्यांना कडक औषध चालणार नाही, असं मला सांगून गेली.

५

घड्याळजी पडल्यानंतर पंधरा-वीस मिनिटं जिवंत होते, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. त्या वेळात कुणी उचललं असतं तर वाचले असते का? मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. कदाचित, म्हणाले. तीन वेळा तोच शब्द. त्याच वेळात मी वर खाटेवर पडून श्वास मिळाला म्हणून रडत होतो, आणि पोरीने माझी पाठ चोळली होती. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याची किळस येते.

त्यांच्या बायकोकडे मी एकदा गेलो. दुकानाला कुलूप होतं, घर मागे होतं. तिने दार उघडलं, मी कोण ते सांगितलं, तिने दार लावलं. याहून वेगळं काय करायला हवं होतं तिने?

ड्रायव्हर मंगळवारी आला. त्याच्या मालकाची पांढरी गाडी न्यायला दुसराच माणूस येऊन गेला होता. त्याची ती नोकरी आता राहिली नव्हती. तो नुसता भेटायला आला होता. शर्ट इस्त्रीचा होता आणि डोळ्याखाली सूज होती. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"मास्तर, स्वतःहून कोण बोलतं आजकाल? तुमच्या मुलीने माझी दोन पोरं वाचवली. अशी मुलगी वाढवायला बाप तसा लागतो."

मी त्याला सांगायला हवं होतं. बाईंनी रेघ मारली तेव्हा तो खोलीत नव्हता. त्याला आत ठेवायला मी किती सहज तयार झालो होतो, ते तीन माणसांनाच माहीत आहे, आणि त्यातली दोघं कधी बोलणार नाहीत. मी तोंड उघडलं. मग म्हणालो, बस, चहा टाकतो.

तो बसला. चहा पिऊन होईपर्यंत तो माझ्या मुलीबद्दल चांगलं बोलत राहिला, आणि मी मान हलवत राहिलो.